दुसरा खटका

३ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, अडीच ओळींचा टाइप केलेला अहवाल! ‘कपाटातली अँप्युल गायब आहे. याचा अर्थ तुला सांगायला नको. भिंगरी माझ्याकडेच राहील.’ खाली सही आणि तारीख. तुझ्या लॅबमधल्या उंदरांच्या पिंजऱ्यावरही तू याहून जास्त मजकूर लिहीत असशील.

वा गं वा! मी समजत होते, शनिवार-रविवार बहिणीकडे राहायला आले आहे. लेकीशी गप्पा मारते आहे, तुझ्या हातचा पुचाट चहा पिते आहे. आणि तू तिकडे परीक्षा मांडून बसली होतीस. ज्या औषधापायी माझी ऑपरेशन थिएटरमधली नोकरी गेली, ज्याच्यापायी मी पोटच्या पोरीला तुझ्या दारात सोडून व्यसनमुक्ती केंद्रात गेले, त्याच औषधाच्या इंजेक्शनची काचेची अँप्युल बाथरूमच्या कपाटात, कापसाच्या गुंडाळीमागे! सिरिंज तेवढी ठेवायची राहिली. घरात दहा वर्षांची मुलगी वावरते, एवढंही तुझ्या डोक्यात आलं नाही? जन्मभर उंदरांचे मेंदू वाचलेस, पण बहिणीचं तोंड काही तुला वाचता येत नाही.

ऐक, काय झालं ते. रविवारी दुपारी केस धुतले, कंगवा शोधायला कपाट उघडलं, ती दिसली. तिथल्या तिथे बेसिनमध्ये फोडली, नळ सोडला, काचा कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकल्या. एवढंच. तुला सांगितलं नाही, कारण तेवढ्यात भिंगरी पोहून आली आणि ओलं डोकं माझ्या पाठीला पुसायला लागली. अशा वेळी कोणाला कपाट आठवतं?

आता ठरलं काय होतं ते आठव. चार वर्षांपूर्वी पालकत्वाच्या कागदावर मी माझ्या हातानं सही केली, तेव्हा तू म्हणालीस, ‘तीन वर्षं सलग त्याला हात लावू नकोस, पोरगी तुझी तुला देते.’ जानेवारीत तीन वर्षं पूर्ण झाली. मी तुझ्या पाया पडत नाहीये, ठरलेलं मागते आहे. इथल्या शाळेचा अर्ज सोबत जोडला आहे. वीस एप्रिलपर्यंत तो भरायचा आहे आणि कागदोपत्री पालक तू, म्हणून त्यावर तुझी सही लागते. सही कर आणि पाठव.

लोक म्हणतात, माय मरो आणि मावशी जगो. पण माय मेलेली नाही, ताई. चांगली धडधाकट आहे.

धाकटी

११ मार्च

ताई,

या वेळी पान भरून लिहिलंस. प्रगती आहे.

तर तुझं म्हणणं असं, की अँप्युलमध्ये औषध नव्हतंच, नुसतं पाणी होतं. घरात लहान मूल असताना खरं औषध ठेवायला तू वेडी नाहीस. आणि मी खोटं बोलते, कारण तू कचऱ्याचा डबा उपसलास, बेसिनखालचा पाइप खोलून बघितलास, आणि काचेचा कणसुद्धा सापडला नाही.

कचरा उपसलास! जिचं भाषण ऐकायला लोक विमानानं येतात, ती बाई हातमोजे घालून स्वतःच्या घरचा कचरा निवडते आहे. बघायला मिळालं असतं तर मजा आली असती.

बरं. फोडली नाही. पर्समध्ये टाकून घरी घेऊन आले. झालं समाधान?

आणि ते पाणी आहे हे मला माहीत होतं. हो, माहीत होतं! नऊ वर्षं भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली काम केलंय मी. दिवसाला तीस-चाळीस अँप्युल या बोटांनी मोडल्यात. त्या औषधाचं नाव थेट काचेवर छापलेलं असायचं, मानेवर रंगाचं कडं असायचं. तू पाण्याच्या अँप्युलवर तुझ्या उंदरांच्या औषधाचं कागदी लेबल डिंकानं चिकटवलंस, तेही तिरकं. उंदराला चालेल गं, त्याला वाचता येत नाही. मला एका नजरेत कळलं. पहिल्या पत्रात ‘घरात मुलगी आहे’ म्हणून जो आरडाओरडा केला तो सोंग होतं. तुला जरा घाबरवावं म्हटलं.

आता गंमत ऐक. पाणी आहे हे कळलं आणि तरीही तळहातांना घाम सुटला, कान गरम झाले. डोकं म्हणत होतं पाणी आहे बाई, आणि हात म्हणत होते आण इकडे. कळून काडीचा उपयोग नव्हता.

हे तूच मला शिकवलंस. केंद्रात भेटायला यायचीस तेव्हा कागदावर चित्रं काढून सांगायचीस. उंदीर खटका दाबतो, दिवा लागतो, नळीतून औषध मिळतं. असं शंभरदा झालं की नुसत्या दिव्यानंच उंदीर पिसाटतो. डोपामीन म्हणजे सुख नव्हे, ‘आता मिळणार, आता मिळणार’ अशी मेंदूनं ठोकलेली आरोळी. म्हणून आवड संपली तरी ओढ संपत नाही. त्या दिवशी मी ढसाढसा रडले होते, कारण पहिल्यांदा कोणीतरी माझी गोष्ट बरोबर सांगितली होती. शेवटचे सहा महिने त्या औषधानं मला एक क्षणही बरं वाटलं नव्हतं, तरी मी त्याच्यामागे धावत होते. लोक म्हणायचे मजा मारते. मजा! डोंबलाची मजा!

आणि हेही तूच सांगितलंस, की खटका दाबायचं सोडलेला उंदीर जुनं विसरत नाही. जुन्यावर नवं शिकतो, आणि ते नवंही बहुतेक त्या नव्या पिंजऱ्यापुरतंच टिकतं. जुन्या पिंजऱ्यात नेऊन दिवा लावला की पुन्हा दाबायला लागतो. पत्रात त्यावर म्हणही टाकलीस, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. कबूल. पण मग निकाल तुला आधीच माहीत होता ना? तुझ्या बाथरूमला थिएटरसारखाच स्पिरिटचा वास, तशीच पांढरी फरशी, त्यात ती काच. दिवा लावलास आणि उंदराचे हात थरथरले. यात परीक्षा कसली?

खरी चलाखी तर वेगळीच. मागच्या वर्षी फोनवर तू नाचत नाचत सांगितलंस, की तुझ्या लॅबमध्ये उंदरांना दुसरा खटका दिला. तो दाबला की दार उघडतं आणि पलीकडचा सोबती भेटतो. औषधाला चटावलेले उंदीर, एकामागून एक, सोबतीकडे गेले. तुझेच शब्द. मग मला दुसरा खटका कुठे ठेवलास? भिंगरीला तर नेमकं त्याच दुपारी पोहायला पाठवलंस. आधी माझं दार लावून घेतलंस आणि मग दिवा लावलास. तुझ्या हाताखालच्या पोरांनी असा प्रयोग केला असता तर तू त्यांना उभं जाळलं असतंस.

अर्जावर सही कर.

धाकटी

१९ मार्च

ताई,

उत्तर नाही. रविवारचा फोनही नाही. चार वर्षांत एक रविवार चुकला नव्हता. पाच वाजल्यापासून मी फोन मांडीवर घेऊन बसले होते, सात वाजता उठले. माझ्यावर राग आहे तर माझ्यावर काढ. पोरीनं तुझं काय घोडं मारलंय?

मी कुठे राहते, काय करते, हे तू कधी नीट विचारलं नाहीस. केंद्रातल्या बाईंनी नोकरी लावून दिली, इतकंच तुला माहीत. तर ऐक, तूही लॅबमध्ये आणि मीही लॅबमध्ये. इथे दातांच्या कवळ्या बनतात. दातांच्या डॉक्टरांकडून हिरड्यांचे साचे येतात, मी त्यात प्लास्टर ओतते, मेणाची हिरडी घडवते, त्यात एकेक दात बसवते. मग मोटरवर घासून चकाकी आणायची. दिवसभर दुसऱ्यांचे दात घासते म्हण ना. आमच्या मालकांच्या स्वतःच्या तोंडाचं बोळकं झालंय, आणि जेवण झालं की ते आपली कवळी काढून खिशात ठेवतात. म्हणतात, ‘गिऱ्हाइकाचं काम करताना आपले दात दाखवू नयेत.’ पहिल्याच दिवशी मी त्यांना सगळं सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, ‘हात थरथरतात का?’ मी म्हटलं, ‘आता नाही.’ म्हणाले, ‘मग खालचे दात बसवायला घे, वरचे सोपे असतात.’

दोन खोल्या आहेत. मागची भिंगरीची. खिडकीखाली टेबल ठेवलंय, दाराला आतून कडी लावून घेतलीय, कारण मागच्या उन्हाळ्यात ती म्हणाली होती की मला कडीची खोली पाहिजे. कडी बसवणाऱ्या सुतारानं विचारलं, एवढ्याशा पोरीला कडी कशाला? मी म्हटलं, तुमच्या घरी मुलगी आहे का? त्यानं दोन स्क्रू जादा मारले.

तू पत्रात ‘तो दिवस’ एवढंच लिहिलं होतंस. नाव घ्यायला लाजतेस की काय? मी घेते.

थिएटरचा नियम असा, की अँप्युलमधलं वेदनाशामक औषध उरलं तर दोघांच्या देखत ओतून टाकायचं आणि दोघांनी वहीत सही करायची. सुरुवातीला पेशंट उचलताना माझी पाठ धरली होती, म्हणून उरलेलं थोडं मी घेतलं. पाठ आठ दिवसांत बरी झाली. मी चौदा महिने घेत राहिले. दुसरी सही करणारी सिस्टर न बघता सही करायची, कारण तिचा माझ्यावर विश्वास होता. आणि त्या दिवशी मी ते टोचून घेऊन कपडे बदलायच्या खोलीत फरशीवर पडले होते, आणि भिंगरी शाळेच्या फाटकाशी उभी होती. दुपारी साडेबाराला शाळा सुटली. तू तिला घ्यायला पोचलीस तेव्हा साडेपाच वाजले होते. सहा वर्षांची होती. रडली नाही. मला नंतर म्हणाली, ‘आई, मी शंभरपर्यंत मोजलं, मग परत पहिल्यापासून मोजलं.’

याची मला लाज वाटते. रोज वाटते. दात बसवताना वाटते, भांडी घासताना वाटते. पण ताई, लाज वाटते म्हणून मी तुझ्यापुढे मान खाली घालून बसावं, आणि तू नाकानं कांदे सोलत माझी परीक्षा घ्यावीस, असं नाही चालायचं. लाज माझी आहे. ती तुझ्या हातातली काठी नाही.

येत्या रविवारी पाच वाजता फोन कर.

धाकटी

२७ मार्च

ताई,

फोन आला, बरं केलंस. तीन मिनिटंच दिलीस, पण आला. भिंगरी कुजबुजत बोलत होती. ‘आई, तू काही केलंस का गं?’ मी म्हटलं, ‘मावशीला लिहिते, ती तुला सांगेल.’ तेव्हा आता लिहायलाच हवं. हे मी लिहिणार नव्हते.

ती अँप्युल माझ्या पर्समध्ये दोन दिवस होती. मंगळवारी दुपारी औषधाच्या दुकानातून सिरिंज घेतली. लॅबच्या संडासात जाऊन कडी लावली. अँप्युल मोडली, सिरिंज भरली आणि टोचून घेतली. पाणी. पाणी आहे हे माहीत असताना! घे, लिही तुझ्या वहीत. औषध बंद केलेला उंदीर नुसत्या दिव्यासाठीसुद्धा खटका दाबतो, हे तू उंदरांवर दाखवलंस. आता माणसावरही झालं. माणूस सख्खं होतं, एवढाच फरक.

का केलं म्हणशील तर मला नीट सांगता येणार नाही. दोन दिवस ती पर्स खांद्याला नव्हती, डोक्यात होती. भाजी चिरताना पर्स, बसमध्ये पर्स. वाटलं, एकदाचं संपवून टाकू, पाणीच तर आहे. ही पळवाट आहे, मला कळतंय. तिथे खरं औषध असतं तर मी टोचलं नसतं, असंही मी छातीठोक सांगणार नाही.

पण पुढचं वाच, कारण पुढचं तुझ्या वहीत नाही.

मोडण्याचा टक् आवाज झाला आणि सगळं अंग वाट बघायला लागलं. सुई आत गेली. आणि काहीच आलं नाही. जिथे टोचलं तिथे नुसतं झोंबलं. मी तिथे भिंतीला टेकून उभी राहिले. आधी हसू आलं, मग रडू आलं, मग नुसतंच मोकळं वाटलं. तू म्हणतेस ना, अपेक्षा केली तेवढं मिळालं नाही की मेंदूतली आरोळी खाली बसते, आणि तिथेच मेंदू नवं शिकतो? तुझ्या यंत्रावर त्याची रेघ उमटते. मला ते छातीत झालं. एवढ्याशा पाण्यासाठी मी लेक पणाला लावली होती!

बाहेर आले आणि मालकांना म्हटलं, ‘मला आत्ताच्या आत्ता केंद्रात सोडा.’ त्यांनी लगेच हातातलं काम खाली ठेवलं. खिशातली कवळी काढून तोंडात बसवली, लॅबला कुलूप लावलं आणि स्कूटर काढली. केंद्रातल्या बाईंनी लघवी तपासली. काही निघालं नाही, निघणार कुठून? मी म्हटलं, ‘बाई, मी घसरले की नाही?’ बाई म्हणाल्या, ‘ते नंतर बघू. टोचलं किती वाजता?’ मी म्हटलं, अडीच वाजता. ‘आणि इथे पोचलीस कधी?’ तीन वाजता. बाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, ‘पहिल्या खेपेला तुला इथे यायला चौदा महिने लागले होते.’

हे सगळं तुझं पहिलं पत्र येण्याआधी झालं होतं. बाईंना सांगितलं, मालकांना सांगितलं, तुला मात्र खोटं लिहिलं. एकदा नाही, दोनदा. कारण त्या दोघांच्या हातात माझं काही नाही आणि तुझ्या हातात माझी पोर आहे. खरं बोलणाऱ्याची पोर जाणार असेल तर कोण खरं बोलेल? याचा विचार कर जरा, तुला सवड झाली की.

आता हे पत्र तुझ्या हातात आहे. कोर्टात ने, चौकटीत लाव, तुझी मर्जी. पण भिंगरीला सांग. तू अँप्युल ठेवलीस तेही आणि मी टोचलं तेही. काही गाळायचं नाही. तू सांगितलं नाहीस तर मी येऊन सांगेन, आणि माझा आवाज केवढा आहे ते तुझ्या शेजाऱ्यांनाही माहीत आहे.

धाकटी

८ एप्रिल

ताई,

तू हातानं लिहिलेलं पत्र मी किती वर्षांनी बघितलं! अक्षर अजून तसंच आहे, मुंग्यांची रांग.

सांगितलंस. सगळं सांगितलंस. तुझ्या जागी मी असते तर स्वतःचा भाग थोडा गाळला असता, तू गाळला नाहीस. हे मी मानलं.

आणि ती कार्टी! ऐकून घेतलं, पाणी प्यायली, आणि विचारलं, ‘मावशी, आईनं काय केलं असतं तर ती पास झाली असती?’ तू म्हणालीस, ‘लगेच मला येऊन सांगितलं असतं तर.’ तर म्हणे, ‘मग तू मला जाऊ दिलं असतंस?’ तू लिहितेस की त्यावर तू टेबलाच्या कडेवर नख घासत बसलीस. लहानपणी आई खोटं पकडायची तेव्हाही तू हेच करायचीस.

तू लिहितेस, रोज चार वाजून दहा मिनिटांनी कुलपात भिंगरीची किल्ली फिरते. सव्वाचार झाले आणि किल्ली फिरली नाही तर तू जिन्यात जाऊन उभी राहतेस. शनिवारी सकाळी तिचे मोजे शोधताना तुला वाटतं की जगात आपल्याला काहीतरी काम आहे. अँप्युल ठेवताना मी नापास व्हावं म्हणून तू मनातल्या मनात देव पाण्यात घालून बसली होतीस, असं तूच लिहिलंयस. मी असं तुझ्याबद्दल बोलले असते तर आपलं भांडण दहा वर्षं चाललं असतं.

मी यावर टोमणा मारणार नाही. मारणार होते, एक चांगला सुचलाही होता, पण नको. चार वर्षं तू तिचे केस विंचरलेस, तापात उशाशी बसलीस, पोहायला शिकवलंस. मी ते कधी फेडू शकणार नाही आणि फेडायचा प्रयत्नही करणार नाही, बहिणीत फेडाफेडी नसते. तुला तिची ओढ लागली आहे. ओढ लागली की माणूस काय काय करून बसतं, यावर निदान मी तरी तुला प्रवचन देऊ नये. वाटेल तेव्हा इकडे ये. आधी विचारायचं नाही, सरळ बॅग घेऊन यायचं.

पण एक गोष्ट देणार नाही. सहीच्या बदल्यात तू माझ्याकडून लिहून मागतेस, ‘पुन्हा कधीही, कोणत्याही परिस्थितीत हात लावणार नाही.’ असं मी पहिल्या वर्षात दोनदा लिहून दिलं होतं. दोन्ही वेळा सहा आठवड्यांत घसरले, आणि ते लिहिलेलं होतं म्हणूनच सांगायची हिंमत झाली नाही. तुझ्याच शास्त्रानं बघितलं तरी ते खोटं आहे. पीळ जळत नाही म्हणतेस आणि पीळ जळाल्याचा दाखला मागतेस?

मी एवढंच लिहून देते. हात थरथरले तर त्याच दिवशी सांगेन. बाईंना सांगेन, तुला सांगेन, आणि भिंगरीला झेपेल अशा शब्दांत भिंगरीलाही. याहून जास्त कोणी कबूल करत असेल तर ते माणूस तुला फसवतंय.

पटलं तर सही कर. नाही पटलं तरी सही कर. शनिवारी सकाळच्या गाडीनं येते आहे. तिचं सामान बांधून ठेव, आणि पोहायचा चष्मा विसरू नकोस, नाहीतर ती मला परत पाठवेल.

धाकटी

२२ जून

ताई,

आज शाळेत, तू सही करून दिलेल्या त्याच शाळेत, भिंगरी जिन्यावरून धडपडली. घाबरू नकोस, ओठ फाटला, तीन टाके पडले, दात सगळे शाबूत आहेत. दातांचं मला कळतं.

लॅबमधून धावत गेले तेव्हा तिला जवळच्या दवाखान्यात आणलेलं होतं. मी तिचा हात धरून उभी होते. डॉक्टरांनी ट्रेवरचं कापड उचललं आणि मला दरदरून घाम फुटला. ट्रेमध्ये माझं ते औषध नव्हतं, टाके घालण्याआधी ओठ बधिर करायचं साधं औषध होतं. पण ओढ नाव विचारत नाही. माझी पोर रक्तानं माखून पुढ्यात झोपली होती आणि मी ट्रेकडे बघत होते. ताई, मला स्वतःची शिसारी आली. तरी नजर हटेना.

भिंगरीनं माझ्या हाताकडे पाहिलं. टाके पडल्यावर बाहेरच्या बाकावर बसलो तेव्हा तिनं ओठ न हलवता विचारलं, ‘झालं का तुला ते?’ मी म्हटलं, हो. ‘माझ्याकडे बघत असताना?’ मी म्हटलं, ‘तुझ्याकडे बघायचं सोडून.’ तिनं माझा हात सोडून दिला.

केंद्रापर्यंत बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी बाईंशी चाळीस मिनिटं बोलले. बाहेर आले तेव्हा ती तिथेच बाकावर होती, मी फोन केल्यावर स्कूटरवरून आलेल्या मालकांनी आणलेलं आइस्क्रीम तिच्या हातात वितळत होतं, आणि मालक तिला कवळी कशी काढतात आणि घालतात ते करून दाखवत होते. ती हसायचं नाही म्हणून ओठ दाबून धरत होती. मला बघून म्हणाली, ‘पुढच्या वेळी मी विचारायच्या आधी सांग. मग मी घाबरत नाही.’

मी म्हटलं, सांगेन. मग आम्ही घरी आलो. आत्ता ती तिच्या खोलीत आहे, आणि दाराची कडी तिनं लावलेली नाही.

कबूल केलं होतं म्हणून आजच्या आज लिहिलं. तुझ्या वहीत याला काय म्हणतात ते मला माहीत नाही, आणि खरं सांगू, आता मला जाणूनही घ्यायचं नाही. निकाल काय लावायचा तो लाव. पोरगी इथेच राहणार आहे.

धाकटी